यशवंतराव होळकर आणि मराठ्यांची यादवी

आपल्या वैनगंगेच्या पट्ट्यात इतिहासाचा विषय निघाला की गोंड राजे, नागपूरकर भोसले आणि फार तर सीताबर्डीची लढाई, इथवर येऊन गाडी थांबते. होळकर म्हणजे तिकडे इंदूरचे, त्यांचा आपल्याशी काय संबंध, असे बऱ्याच जणांना वाटते. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. १७९८ साली तरुण यशवंतराव जीव वाचवण्यासाठी नागपूरला आले होते. आपल्या राजाने त्यांना आसरा देण्याऐवजी कैदेत टाकले. पुढे त्याच यशवंतरावांनी पुणे जिंकले, आणि त्या घटनेमुळे जे युद्ध पेटले त्यात नागपूरच्या राज्याचा जवळपास निम्मा वैभवाचा भाग गेला. म्हणून या ऑक्टोबरात त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने मंडळाच्या वाचकांसाठी हे चरित्र थोडक्यात लिहीत आहे.

यशवंतरावांचा जन्म १७७६ चा, पुणे जिल्ह्यातील वाफगावचा. वडील तुकोजीराव होळकर, अहिल्याबाईंचे सेनापती आणि त्यांच्यानंतर इंदूरच्या दौलतीचे धनी. आईचे नाव यमुनाबाई. तुकोजीरावांना चार मुलगे होते. काशीराव आणि मल्हारराव हे औरस मानले जात. यशवंतराव आणि विठोजी यांना दरबारी मंडळी त्या पंक्तीत बसवत नसत. हा भेद यशवंतरावांना आयुष्यभर सोसावा लागला, आणि त्यांच्या पुढच्या अनेक हट्टांचे मूळ मला तिथेच दिसते.

मुलाचे शिक्षण मात्र चांगले झाले होते. सर जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी त्यांचा काही मित्र नव्हता, पण त्यानेही नोंदवून ठेवले आहे की यशवंतरावांना फारसी समजत असे, मराठी ते शुद्ध लिहीत आणि हिशोबात ते फार तरबेज होते. घोड्यावर बसण्यात आणि भाला चालवण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हिशोबाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढची सगळी कथा तलवारीइतकीच पैशाची आहे.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट १७९७ रोजी, तुकोजीरावही पुण्यात वारले. थोरले काशीराव प्रकृतीने अधू होते, धाकटे मल्हारराव धडाडीचे. यशवंतराव आणि विठोजी मल्हाररावांच्या बाजूने उभे राहिले. बँकेत मी असंख्य मृत खातेदारांचे दावे हाताळले. भाऊ आपसात बसून बोलले तर दोन बैठकांत मिटणारी गोष्ट, पण त्यात तिसरा माणूस घुसला की घराचे वाटोळे झालेच समजा. इथे तो तिसरा माणूस होता दौलतराव शिंदे.

दौलतराव तेव्हा अठरा वर्षांच्या आसपासचे. महादजींच्या पश्चात १७९४ मध्ये त्यांना उत्तर हिंदुस्थानातले सर्वांत मोठे कवायती सैन्य आयते मिळाले होते. होळकरांची दौलत आपल्या मुठीत यावी म्हणून त्यांनी दुबळ्या काशीरावांची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबर १७९७ रोजी मल्हाररावांच्या पुण्यातील छावणीवर एकाएकी हल्ला केला. मल्हारराव मारले गेले. त्यांची पत्नी तेव्हा गरोदर होती. तिला पुढे मुलगा झाला, तो खंडेराव. आई आणि मूल दोघेही शिंद्यांच्या ताब्यात राहिले. यशवंतराव आणि विठोजी त्या धुमाळीतून निसटले. विठोजी दक्षिणेकडे गेले, यशवंतराव नागपूरकडे.

नागपुरात तेव्हा दुसरे रघूजी भोसले गादीवर होते. शिंदे आणि पेशवे यांच्याशी वाकडे नको, हा हिशोब करून त्यांनी १७९८ च्या सुरुवातीला यशवंतरावांना अटक केली. जवळचे जडजवाहीर नागपूरकरांनी काढून घेतले, हा दावा होळकरांच्या बाजूने पुढे कायम होत राहिला. एप्रिलमध्ये यशवंतराव कैदेतून पळाले. बावीस वर्षांचा हा मुलगा, ना राज्य ना पैसा, आणि मागावर शिंद्यांची माणसे. धारच्या आनंदराव पवारांनी त्यांना आसरा दिला. रघूजींना जे करता आले असते ते एका लहान संस्थानिकाने केले.

पुढच्या आठ-नऊ महिन्यांत जे घडले ते थक्क करणारे आहे. मूठभर स्वारांना भिल्ल, पेंढारी, पठाण असे लोक येऊन मिळत गेले. अमीरखान नावाचा पठाण सरदार आपली टोळी घेऊन आला आणि दोघांचा भाईचारा जमला. काशीरावांच्या चाकरीतला द्युद्रनेक नावाचा फ्रेंच अधिकारीही आपल्या पलटणींसह यशवंतरावांकडे आला. १७९८ संपता संपता महेश्वर हाती आले आणि १७९९ च्या जानेवारीत तिथे त्यांचा राज्याभिषेक झाला. तरीही बराच काळ ते आपला कारभार पुतण्या खंडेरावाच्या नावाने आहे असेच सांगत. याच सुमारास बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला.

आता या यादवीचे खरे कारण काय, ते पाहू. पुस्तकांत सूड, मत्सर, महत्त्वाकांक्षा असे शब्द येतात आणि ते खोटे नाहीत. पण जुना मराठा स्वार सरंजामावर जगे, दसऱ्याला बाहेर पडे आणि पावसाळ्यात शेतावर परते. महादजींनी उभ्या केलेल्या कवायती पलटणींना दरमहा रोख पगार लागत असे. शिवाय तोफा, दारूगोळा आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार. महसूल मात्र पीक आल्यावर यायचा, तोही वाटेत अर्धा झिरपून. मधली तोंडमिळवणी सावकारांच्या कर्जावर. महादजींसारख्या माणसाची पत होती, तोवर हे चालले. दौलतरावांच्या काळात फौज तेवढीच राहिली आणि पत गेली. दुसऱ्या बाजीरावांनी पेशवाई मिळवताना दौलतरावांना दोन कोटी रुपये कबूल केले होते, असे सांगतात. तिजोरीत एवढा पैसा नव्हताच. मग १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्याच्या सावकारांकडून आणि कारभाऱ्यांकडून वसुली करायला सोडले गेले. त्या वसुलीत पुण्यातल्या प्रतिष्ठित माणसांना चाबकाचे फटके आणि तापलेल्या तोफेचे चटके बसले. ज्या सावकारांच्या पैशावर राज्य चालायचे त्यांनाच असे लुबाडले, तर पुढचे कर्ज कोण देणार?

होळकरांचीही स्थिती तीच. यशवंतरावांकडे फौज होती, प्रदेश नव्हता. फौजेला पगार द्यायचा तर लूट हवी, लूट हवी तर मोहीम हवी, मोहिमेला आणखी फौज हवी. अमीरखान मित्र खरा, पण त्याचे पठाण पगार थकला की धरणे धरून बसत, कधी धन्यालाच कोंडून ठेवत. पाच रुपये देणे असलेल्या माणसाकडे दोनच रुपये असले आणि तो रोज नवे घेणेकरी जोडत गेला, तर त्याचे जे होते तेच दोन्ही घराण्यांचे झाले. शिंद्यांच्या घरात तर महादजींच्या विधवांनीही फौज जमवून दौलतरावांविरुद्ध वेगळे युद्ध मांडले होते. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस वारले, आणि या सगळ्यांना चार शब्द सुनावू शकेल असा शेवटचा माणूस गेला.

१८०१ च्या एप्रिलमध्ये विठोजी पकडले गेले. पंढरपूरच्या बाजूला ते बाजीरावांविरुद्ध धामधूम करत होते. बापू गोखल्यांनी त्यांना धरून पुण्यात आणले. कैदेत ठेवता आले असते, यशवंतरावांशी बोलणे करायला तो हुकमाचा पत्ता ठरला असता. बाजीरावांनी त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायाला बांधून मारले आणि वरून तो प्रकार पाहिला, असे सांगितले जाते. वडिलांवर, रघुनाथरावांवर होळकरांनी किती उपकार केले होते, याची आठवण पेशव्यांना त्या दिवशी झाली नाही. या एका क्रूर आणि बिनडोक निर्णयाची किंमत पुढे सगळ्या मराठी मुलखाने मोजली.

मग माळव्यात आग लागली. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला आणि उज्जैनकडून जबर रक्कम वसूल केली. ऑक्टोबरात शिंद्यांनी उलट वार केला. इंदूरच्या लढाईत सर्जेराव घाटगे आणि सदरलँड यांनी यशवंतरावांना हरवले आणि अहिल्याबाईंच्या त्या गावाची वाताहत केली. एका बाजूला उज्जैन, दुसऱ्या बाजूला इंदूर. दोन्हीकडे लुटले गेलेले लोक एकाच राज्याची रयत होते, हे दोघांच्याही ध्यानात राहिले नाही. यशवंतरावांना इथे मोकळे सोडायला मी तयार नाही. भावांच्या खुनाचा सूड समजू शकतो, पण उज्जैनच्या वाण्याने किंवा खानदेशच्या कुणब्याने त्यांचे काय बिघडवले होते?

हार खाऊनही ते काही महिन्यांत पुन्हा उभे राहिले आणि १८०२ मध्ये खानदेशातून पुण्याकडे निघाले. त्यांच्या मागण्या तशा वाजवी होत्या: खंडेरावाला सोडावे, होळकरांचा मुलूख होळकरांना परत द्यावा, शिंद्यांना आवर घालावा. बाजीरावांनी उत्तर म्हणून त्या लहानग्या खंडेरावाला अशीरगडच्या कैदेत धाडले. ८ ऑक्टोबरला बारामतीजवळ होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी पेशव्यांची फौज उधळली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याबाहेर हडपसरला शेवटची गाठ पडली.

शिंद्यांच्या बाजूला सदाशिवराव भास्कर आणि डॉस या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या जुन्या कसलेल्या पलटणी होत्या. सकाळभर तोफा चालल्या. एका क्षणी होळकरांचे घोडदळ मागे हटू लागले, तेव्हा यशवंतरावांनी स्वतः घोड्यावर उडी घेतली आणि पळणाऱ्यांना फिरवून सरळ तोफांवर घातले. डॉस पडला, पलटणी कापल्या गेल्या, दुपारपर्यंत मैदान होळकरांचे झाले. महादजींनी ज्या पलटणी दिल्लीसाठी उभ्या केल्या त्यांचा असा शेवट पुण्याच्या वेशीवर, दुसऱ्या मराठ्याच्या हातून झाला.

बाजीराव लढाईचा रंग पाहताच सिंहगडाकडे निघून गेले. परत यावे म्हणून यशवंतरावांनी त्यांना निरोप पाठवले, कारण पेशवा नसला तर जिंकून उपयोग काय? बाजीराव फिरकले नाहीत. रायगड, महाड, सुवर्णदुर्ग करत ते इंग्रजांच्या जहाजाने वसईला पोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे तह झाला. इंग्रजांची सहा हजार तैनाती फौज पेशव्यांकडे कायम राहणार, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इतर राज्यांशी व्यवहार इंग्रजांना विचारून. पेशव्यांनी खुर्चीसाठी राज्यच गहाण टाकले म्हणा. गहाणखत सोडवायची वेळ पुढे आलीच नाही.

इकडे यशवंतरावांनी अमृतरावांना बोलावून नवी व्यवस्था बसवायचा प्रयत्न केला. सुरुवातीला पुण्यात लूट होऊ नये म्हणून त्यांनी कडक पहारे ठेवले होते. पण फौजेचा पगार थकलेला. शेवटी पुण्यावर पट्टी बसली, आणि चार वर्षांपूर्वी घाटग्यांनी जे केले तेच पुन्हा झाले. १८०३ च्या मार्चमध्ये ते उत्तरेकडे निघाले. मे महिन्यात इंग्रजांनी बाजीरावांना परत गादीवर बसवले. अमृतरावांनी सात लाखांची पेन्शन घेऊन उत्तर हिंदुस्थानचा रस्ता धरला.

त्या उन्हाळ्यात आपल्या रघूजींनी शिंदे आणि होळकर यांच्यात समेट घडवण्याची मनापासून खटपट केली. पण शिंद्यांवर यशवंतरावांचा विश्वास बसेना, आणि ज्याने आपल्याला कोंडले त्याच्या शब्दावर तरी किती बसावा? ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा होळकर माळव्यात बसून राहिले. असई, लासवाडी, अडगाव आणि शेवटी गाविलगड. चार महिन्यांत शिंदे-भोसल्यांचा पाडाव झाला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. आपल्या भागातल्या पवार समाजात आजही सांगतात की कटकच्या मोहिमेत पूर्वजांनी केलेल्या चाकरीबद्दल भोसल्यांनी वैनगंगेच्या काठच्या जमिनी दिल्या. ज्या कटकसाठी ती चाकरी झाली ते कटक एका सहीने गेले.

यशवंतरावांची ही स्वस्थता मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक वाटते. कारण चारच महिन्यांनी, १८०४ मध्ये, त्यांना तेच युद्ध एकट्याने लढावे लागले. लढले मात्र असे की इंग्रज आजही ते विसरलेले नाहीत. सुरुवातीलाच, इंग्रजांविरुद्ध लढायला नकार देणाऱ्या व्हिकर्स आणि इतर दोघा गोऱ्या अधिकाऱ्यांचा त्यांनी शिरच्छेद करवला. त्या पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत त्यांनी कर्नल मॉन्सनची दाणादाण उडवली. ऑक्टोबरात दिल्लीला वेढा घातला, तो फसला. नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबाद इथे त्यांना मोठा फटका बसला. तरी भरतपूरच्या जाट राजाने त्यांना आसरा दिला, आणि १८०५ च्या सुरुवातीला जनरल लेकने भरतपूरच्या किल्ल्यावर चार वेळा चढाई करूनही तो किल्ला पडला नाही. पुढे भरतपूरने तह केल्यावर यशवंतराव शिखांची मदत मागत पंजाबात गेले. रणजितसिंगांनी हात वर केले. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाटचा तह झाला. हरल्यानंतरचा तह असूनही त्यात तैनाती फौज नव्हती. चंबळच्या दक्षिणेचा मुलूख त्यांच्याकडे राहिला आणि टोंक-रामपुराही लवकरच परत मिळाले.

परतल्यावर, १८०६ च्या फेब्रुवारीत, त्यांनी नागपूरला रघूजींचे भाऊ व्यंकोजी भोसले यांना पत्र लिहिले. परकीयांनी राज्य गिळले आहे, आपण सर्वांनी आपसातले वैर टाकून एक व्हावे, असा त्याचा आशय. ज्या गावात कैद भोगली त्या गावाला हे पत्र लिहायला मन मोठे लागते. पण नागपूरकर कटक-वऱ्हाड गमावून बसले होते, आणि ते गमावताना हा पत्रलेखक कुठे होता, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नसेल असे कसे म्हणावे?

शेवटची वर्षे दुःखाची आहेत. भानपुऱ्याला त्यांनी तोफांचा कारखाना घातला. धातू ओतताना ते स्वतः भट्टीपाशी उभे राहत, रात्री जागवत, दारू फार पीत. ज्याच्या नावाने सारे सुरू झाले तो पुतण्या खंडेराव लहानपणीच मेला आणि भाऊ काशीराव मारले गेले. दोन्ही मृत्यूंत यशवंतरावांकडे बोट दाखवले गेले. १८०८ च्या सुमारास त्यांचे मन भ्रमिष्ट झाले. त्यांना बांधून ठेवावे लागे, असे वर्णन आहे. कारभार तुळसाबाईंच्या हाती गेला. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यात, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

ते आजारी असतानाच नागपूरचा जुना हिशोब उघडला. १८०९ मध्ये अमीरखान फौज घेऊन जबलपूरच्या बाजूने भोसल्यांच्या मुलखात शिरला. मागणी कसली, तर यशवंतराव कैदेत असताना घेतलेल्या जवाहिरांची भरपाई! रघूजींच्या मदतीला न मागता इंग्रज फौज आली आणि अमीरखानाला माघारी जावे लागले. पण नागपूरला इंग्रजांच्या छायेत जगण्याची सवय लागायला सुरुवात तिथून झाली. निम्मे उत्पन्न गेलेल्या रघूजींनी उरलेल्या मुलखावर पट्ट्या इतक्या वाढवल्या, सावकारीत इतके लक्ष घातले, की लोक त्यांना मोठा बनिया म्हणू लागले. पेंढारी तर नागपूरच्या आसपासपर्यंत येऊन गावे जाळत. १८१६ मध्ये रघूजी वारले, त्याच वर्षी अप्पासाहेबांनी तैनाती फौज स्वीकारली आणि पुढच्या नोव्हेंबरात सीताबर्डी झाली.

होळकरांचे फारसे वेगळे झाले नाही. २० डिसेंबर १८१७ रोजी तुळसाबाईंना त्यांच्याच सैन्यातील लोकांनी क्षिप्राकाठी ठार केले आणि दुसऱ्या दिवशी महिदपूरला होळकर हरले. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई त्या युद्धात घोड्यावर बसून लढली. १८१८ च्या जानेवारीत मंदसौरच्या तहाने ती दौलतही मांडलिक झाली. विठोजींना धरून आणणारे बापू गोखले त्याच फेब्रुवारीत अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. बाजीराव ब्रह्मावर्ताला पेन्शन घेत आणखी तेहतीस वर्षे जगले. या सगळ्यात टिकला तो अमीरखान. वेळेवर इंग्रजांशी करार करून तो टोंकचा नवाब झाला आणि त्याच्या वंशजांचे राज्य स्वातंत्र्यापर्यंत चालले.

आजकाल मोबाइलवर यशवंतरावांना हिंदुस्थानचा नेपोलियन म्हणणारे संदेश फिरतात. मला त्या तुलनेची गरज वाटत नाही. नेपोलियनच्या मागे फ्रान्सची तिजोरी होती, यांच्या मागे थकलेल्या पगाराची पलटण. भानपुऱ्याची त्यांची छत्री मात्र जरूर पाहावी. मंदसौर जिल्ह्यात, गांधीसागर धरणाच्या वाटेवर हे गाव आहे. उज्जैनला देवदर्शनाला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एक दिवस जास्त काढला तर तिथे सहज जाता येते.